घरात लहान मुलं आणि दम्याच्या सासूबाई असताना पूडल कुत्रा घ्यावा का?

तुम्ही लिहिलंय की ठाण्यात टू बीएचके आहे, मुलं 7 आणि 4 वर्षांची, सासूबाईंना दमा, तुम्ही दोघंही नोकरीवर, आणि ‘पूडलचे केस गळत नाहीत’ म्हणून तोच आणायचं जवळजवळ नक्की झालंय. आमच्याकडे पुण्यात सहा वर्षांपासून मिनिएचर पूडल आहे. रंग गुळासारखा म्हणून नाव गुळ्या. मीही त्या केसांच्याच गोष्टीला भुललो होतो, तेव्हा तिथूनच सुरुवात करतो.

केस गळत नाहीत हे अर्धंच खरं. पूडलचे केस आपल्या डोक्यावरच्या केसांसारखे वाढतच राहतात, आणि जे गळतात ते खाली पडायच्या ऐवजी कुरळ्या केसांतच अडकतात. रोज विंचरून काढले नाहीत की गुंता, गुंत्याच्या गाठी आणि गाठींच्या जटा. लॅब्रडोरवाल्याला दिवसातून दोनदा केर काढावा लागतो, आपल्याला वेणीफणी करावी लागते.

गुळ्या दहा महिन्यांचा असताना आमची फजिती झाली. त्या सुमारास पिल्लाचे मऊ केस जाऊन मोठ्या कुत्र्याचे दाट केस येतात, आणि तेव्हा गुंता सगळ्यात जास्त होतो. हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही वरवर ब्रश फिरवायचो, तो कापसासारखा फुललेला दिसायचा, आम्ही खूश. त्यात एका रविवारी न विंचरता आंघोळ घातली. पाणी लागल्यावर गाठी अशा आवळल्या की नमदाच झाला. ग्रूमिंगवाल्या मुलीने केसांत बोट घालून बघितलं आणि सरळ मशीन हातात घेतलं. घरी आल्यावर आई म्हणाली, “मुंज लावलीत का रे याची? निदान घेरा तरी ठेवायचा!”

तेव्हापासून रोज रात्री पंधरा-वीस मिनिटं. आधी स्लिकर ब्रश (बारीक वाकड्या तारांचा), मग स्टीलची फणी, तीही कातडीपर्यंत पोचवून. कानामागे, काखेत आणि पट्टा घासतो तिथे आधी बघायचं. आंघोळ नेहमी विंचरल्यानंतर. शिवाय दर पाच-सहा आठवड्यांनी केस कापणं, त्याचे आमच्याकडे दर वेळी दीड हजारांच्या आसपास जातात. फोटोत दिसतात ते गोंडे ठेवायची काही गरज नाही. पूडल मुळात पाण्यात पडलेलं बदक काढून आणणारा शिकारी कुत्रा. पोहायला सोपं जावं म्हणून अंग भादरायचे आणि थंडी बाधू नये म्हणून छाती नि सांध्यांवर केस राखायचे, त्याची पुढे फॅशन झाली. घरातल्या कुत्र्याला सगळीकडून आखूड कट उत्तम. आम्ही तोच ठेवतो.

आता सासूबाई. इथे मात्र जपून. ॲलर्जी केसांमुळे होत नाही. कुत्र्याच्या लाळेत आणि कातडीच्या कोंड्यात जी प्रथिनं असतात त्यांच्यामुळे होते, आणि ती प्रत्येक कुत्र्यात असतात. 2012 साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी तपासलं, तेव्हा ‘ॲलर्जी न करणाऱ्या’ म्हणवल्या जाणाऱ्या जातींच्या केसांत त्यातलं मुख्य प्रथिन इतर कुत्र्यांपेक्षा जास्तच सापडलं. त्या जातींत पूडलही होता. म्हणून आधी सासूबाईंच्या डॉक्टरांना विचारा. मग ओळखीत कुणाकडे पूडल असेल तर त्यांना घेऊन तीन-चार वेळा तासन्‌तास बसून या. एका भेटीत काही झालं नाही म्हणजे पुढेही होणार नाही असं धरू नका. आणून मग परत देण्यापेक्षा हे सोपं. माझ्या माहितीतल्या एका घरात तशी वेळ आली होती, मुलं आठवडाभर जेवली नाहीत नीट.

आकाराबद्दल. आंतरराष्ट्रीय मोजमापात खांद्यापर्यंतची उंची धरतात: टॉय 24 ते 28 सेंटिमीटर, मिनिएचर 28 ते 35, त्यावर मीडियम, आणि 45 च्या वर स्टँडर्ड. ‘टीकप’ हा विकणाऱ्यांनी काढलेला शब्द आहे, असा मान्यताप्राप्त आकार नाही. 4 वर्षांच्या मुलाच्या घरात टॉय नको असं माझं स्पष्ट मत. त्याचे पुढचे पाय काडीसारखे असतात, सोफ्यावरून किंवा मुलाच्या कडेवरून पडला तरी मोडतात. मिनिएचर जरा दणकट. त्याच्या गुडघ्याची वाटी सरकते का, डोळ्यांच्या पडद्याचा आनुवंशिक आजार घराण्यात आहे का, हे आई-वडिलांबद्दल विचारा. हळूहळू अंधत्व आणणाऱ्या त्या आजाराची डीएनए चाचणी होते. दात लहान जबड्यात दाटीने येतात, म्हणून तेही घासावे लागतात (हो, कुत्र्याचेही). हे सगळं बारा-पंधरा वर्षं. तुमचा धाकटा बारावीला बसेल तेव्हा हा म्हातारा होऊन त्याच्या टेबलाखाली झोपलेला असेल.

पिल्लू कुठून घेता हे फार महत्त्वाचं. आम्हाला “45 दिवसांचं, खायला लागलंय” म्हणून दिलं. कुत्र्यांच्या पैदास-विक्रीच्या 2017 च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही आणि ब्रीडरची, म्हणजे पैदास करून विकणाऱ्याची, राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते, हे नंतर कळलं. तिसऱ्या रात्री गुळ्या लटपटायला लागला आणि मान टाकली. डॉक्टरांनी फोनवर हिरड्यांना साखरेचं पाणी चोळायला सांगितलं आणि तसंच घेऊन बोलावलं. इतकी लहान पिल्लं थोडा वेळ उपाशी राहिली तरी रक्तातली साखर खाली येते. नोंदणी दाखवा, पिल्लाला आईजवळ बघू द्या, असं म्हटल्यावर जो आढेवेढे घेईल त्याच्याकडून घेऊ नका.

तुम्ही दोघं नोकरीवर, हा माझ्या मते दम्याखालोखालचा प्रश्न. पूडल फार हुशार, आणि हुशार कुत्र्याला रिकामपण सोसत नाही. गुळ्याला लिफ्टचा आवाज ऐकून आमचा मजला कळतो, आणि शेजाऱ्यांचाही. दोन्हींना तो भुंकतो. दिवसभर सासूबाई घरी असतील तर सोबतीचा प्रश्न सुटतो, पण मग कुत्रा तुमचा नव्हे, त्यांचा होईल. दमा त्यांनाच, आणि दुपारी त्याला दारात नेऊन “शू... शू” म्हणणाऱ्याही त्याच. त्यांना खरंच हवाय का, हे तुमच्या प्रश्नात कुठे दिसलं नाही.

ठाण्याच्या पावसाचं थोडं. लोंबते कान, आत केस आणि दमट हवा, त्यामुळे कान चिघळतात. डोकं सारखं झटकायला लागला किंवा कानाला आंबूस वास आला की डॉक्टरकडे. फिरवून आणल्यावर ड्रायरने मुळापर्यंत वाळवायचं आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड शोधायचे. दाट केसांत ते दिसत नाहीत, आणि गोचिडांचा ताप जिवावर बेतू शकतो.

सोसायटी कुत्रा पाळायला बंदी घालू शकत नाही, पण महापालिकेचा परवाना आणि रेबीजच्या लशीचं कार्ड हाताशी असलेलं बरं, सभेत उपयोगी पडतं.

आणि स्वयंपाकघरात सगळ्यांना बजावून ठेवा: कांदा, लसूण, चॉकलेट, द्राक्षं, बेदाणे अजिबात नाही. आमच्याकडे सत्यनारायणाच्या दिवशी काकूंनी प्रेमाने शिऱ्याचा द्रोण त्याच्यापुढे ठेवला होता. मुलीने धावत जाऊन उचलला, काकू दुपारपर्यंत रुसून होत्या. आता त्याचा शिरा बेदाण्यांशिवाय, वेगळ्या वाटीत चमचाभर काढतात, आणि काढतात काकूच.