स्वस्तातलं जुनं सिको ५ घ्यावं की थोडे जास्त देऊन नवं ऑटोमॅटिक?

तुम्ही विचारलंय की स्टीलचं ऑटोमॅटिक (मनगटाच्या हालचालीने आपोआप चावी भरली जाणारं) घड्याळ हवंय, ऑनलाइन काही हजारांत सिको या जपानी कंपनीचं चकचकीत ‘व्हिंटेज’ सिको ५ दिसतंय, तर ते घ्यावं का. माझं मत स्पष्ट आहे: घेऊ नका. थोडे पैसे साठवा आणि नवं घ्या.

अशी घड्याळं आपल्या मुंबईतून इतकी विकली जातात की परदेशातले घड्याळांचे शौकीन त्यांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणूनच ओळखतात. तबकडी नव्याने रंगवलेली, काटे भलत्याच मॉडेलचे, केसला (म्हणजे घड्याळाच्या धातूच्या कवचाला) इतकं पॉलिश मारलेलं की मूळच्या कडाच उरत नाहीत. भडक निळी किंवा नारिंगी तबकडी आणि तिच्यावरची फिसकटलेली अक्षरं दिसली की समजून जा. वरून नवं दिसतं, पण आतल्या मशीनला शेवटचं तेल कधी दिलं हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं.

मी असतो तर सिको ५ ची एसआरपीई मालिका घेतली असती. ४० मिमीची केस, १०० मीटरपर्यंत पाणीरोधक, आत ४आर३६ मशीन. स्वस्त सिकोंमध्ये बरीच वर्षं असलेल्या ७एस२६ मशीनला हाताने चावी देता यायची नाही आणि वेळ लावताना सेकंदकाटाही थांबायचा नाही. ४आर३६ मध्ये दोन्ही जमतं. पूर्ण चावी भरली की ते साधारण ४१ तास चालतं. म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी काढून ठेवलंत तर रविवारी दुपारी बंद पडणार. सोमवारी थोडी चावी देऊन वेळ लावायची.

अचूकतेची अपेक्षा मात्र आधीच नीट ठेवा. कंपनीच दिवसाला ४५ सेकंद पुढे ते ३५ सेकंद मागे एवढी मुभा सांगते. प्रत्यक्षात बहुतेकदा फरक याहून बराच कमी असतो, तरी लोकल मिनिटावर गाठणाऱ्याने अधूनमधून वेळ जुळवून घ्यावी. आणि रात्री नऊ ते पहाटे चार या वेळात वार-तारीख बदलू नका. तेव्हा तारखेची चाकं एकमेकांत गुंतलेली असतात, दाते दुखावतात.

काचेवर चरे पडण्याची फारच धास्ती असेल तर सिटिझन कंपनीचं त्सुयोसा हे मॉडेल बघा. त्याला सहसा चरे न पडणारी सफायर काच आहे, सिकोला हार्डलेक्स, म्हणजे सिकोची स्वतःची कडक केलेली साधी काच. पण त्याचा पट्टा केसला जुळवून केलेला आहे, पुढे साधा चामडी पट्टा लावता येणार नाही.

घ्याल तिथून पक्कं बिल आणि शिक्का मारलेलं वॉरंटी कार्ड घ्या. पट्टा मनगटाच्या मापाचा करून घेताना काढलेल्या कड्या आठवणीने मागून ठेवा.