ठाण्यात राहतो. रिकामी असताना १००० किलो भरणारी कॅराव्हॅन (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं छोटं घर) घ्यायची आहे. माझी कॉम्पॅक्ट एसयूव्ही (१.५ डिझेल, वजन साधारण १३०० किलो) ती ओढेल का, की दुसरी गाडी घेऊ?

ओढायला ओढेल हो. पहिल्या दिवशी घोडबंदर रोडवर तुम्हाला वाटेल, हात्तिच्या, एवढंच? खरी गंमत उतारावर कळते, मागचे हजार किलो तुमच्या गाडीला ढकलायला लागतात तेव्हा.

मी हे शहाणपण फुकटात मिळवलेलं नाही. मित्राची छोटी कॅराव्हॅन तुमच्यासारख्याच गाडीला जोडून नाशिकला गेलो होतो. येताना पाण्याची टाकी भरलेली, आणि दोन सायकली कॅराव्हॅनच्या अगदी शेपटाला बांधलेल्या. कसारा घाट उतरून पुढे आलो, रस्ता मोकळा दिसला म्हणून ऐंशीच्या वर गेलो आणि बाजूने एक कंटेनर सुसाट गेला. त्याच्या वाऱ्याने कॅराव्हॅन आधी एकदा डुलली, मग दुसऱ्यांदा जास्त, आणि तिसऱ्या वेळी माझ्या गाडीचा मागचा भाग तिच्याबरोबर जायला लागला. नशिबाने ब्रेक दाबायचं सुचलं नाही, नुसता अॅक्सिलरेटर सोडून स्टिअरिंग सरळ धरून बसलो. तेच बरोबर होतं हे नंतर कळलं. शहापूरला चहाला थांबलो तर पुढच्या चाकांना ब्रेकचा करपट वास येत होता, आणि बायको टेम्पोने घरी जायच्या गोष्टी करत होती.

म्हणून आधी वजनाचं बोलू. तुमची कॅराव्हॅन १००० किलोची राहणार नाही. ८० लिटर पाणी म्हणजे ८० किलो, घरगुती सिलिंडर भरलेला असला की तीस किलोच्या आसपास, वर बॅटरी, गाद्या, खुर्च्या, किराणा. १२०० धरून चाला. इंग्लंडमध्ये कॅराव्हॅनवाले एक ठोकताळा वापरतात: भरलेल्या कॅराव्हॅनचं वजन गाडीच्या स्वतःच्या वजनाच्या ८५ टक्क्यांपेक्षा जास्त नको. म्हणजे १२०० किलोसाठी गाडी निदान १४०० किलोची हवी. तुमची इथेच बाद झाली. नवशिक्याने तर याहून जड गाडी घ्यावी. आणि या ठोकताळ्याच्याही वर गाडीच्या पुस्तिकेतला आकडा. बऱ्याच गाड्यांच्या पुस्तिकेत ट्रेलर ओढू नका असंच लिहिलेलं असतं. तसं असेल तर विषय संपला, सेल्समन काहीही सांगो.

विकणाऱ्याने सांगितलेल्या वजनावर जाऊ नका. सामान भरून कळंबोलीच्या स्टील मार्केटकडे न्या आणि काटा करून घ्या. ट्रकवाले तुमच्याकडे विचित्र नजरेने बघतील, बघू दे.

दुसरं वजन म्हणजे कपलिंगवर, म्हणजे कॅराव्हॅनच्या गाडीला जोडल्या जाणाऱ्या पुढच्या टोकावर, पडणारा भार. तो कॅराव्हॅनच्या एकूण वजनाच्या साधारण ५ ते ७ टक्के असावा, म्हणजे तुमच्या बाबतीत ६० ते ८४ किलो. घरचा वजनकाटा जमिनीवर ठेवायचा, त्यावर लाकडाचा ठोकळा उभा करायचा आणि कॅराव्हॅन जमिनीला समांतर ठेवून कपलिंग हळूच त्यावर टेकवायचं. माझ्या त्या नाशिकच्या फेरीत हा भार जवळजवळ शून्य असणार, कारण सगळं ओझं चाकांच्या मागे होतं. शेपूट हलायचं कारण तेच. उलट जास्त भार झाला तर गाडी मागे बसते, पुढची चाकं हलकी होतात आणि फ्रंट-व्हील ड्राइव्ह असेल तर पावसात चढावर चाकं जागच्या जागी फिरतात. म्हणून मागच्या चाकांना ताकद देणारी किंवा फोर-बाय-फोर गाडी बघा.

आता गाड्या. लॅडर फ्रेम (बॉडीखालचा शिडीसारखा वेगळा सांगाडा), टर्बो डिझेल आणि लांब व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर), एवढं पाहिजे. लांबीकडे लोक दुर्लक्ष करतात. तीन दरवाजांच्या थारचा व्हीलबेस २४५० मिमी, स्कॉर्पिओ-एनचा २७५०, हायलक्सचा ३०८५. जितका लांब, तितकं मागच्या कॅराव्हॅनचं डुलणं गाडीला कमी हलवतं. म्हणून ती थार, ओढायची ताकद असूनही, माझ्या यादीत मागे आहे. १७५ पीएसची डिझेल स्कॉर्पिओ-एन मॅन्युअल ३७० एनएमचा टॉर्क (ओढायचा जोर) देते, तुमच्या कामाला पुरे. फॉर्च्युनर ऑटोमॅटिकमध्ये ५०० एनएम आहे, पण १२०० किलोसाठी ती हौस झाली. मी स्वतः सेकंडहँड इनोव्हा क्रिस्टा घेतली: डिझेल, लॅडर फ्रेम, मागच्या चाकांना ड्राइव्ह. हायक्रॉस नावाने भाऊ असली तरी तिची रचनाच वेगळी, मोनोकॉक (वेगळा सांगाडा नाही, बॉडी हाच सांगाडा) आणि फ्रंट-व्हील ड्राइव्ह. मॅन्युअल घेतलीत तर चढावर उठताना क्लच जपा.

कॅराव्हॅनला स्वतःचे ब्रेक हवेतच. युरोपात ७५० किलोच्या वरच्या ट्रेलरला ते सक्तीचे आहेत. ओव्हररन ब्रेक घ्या. गाडी मंदावली की कॅराव्हॅन कपलिंगवर दाब देते आणि त्या दाबानेच तिचे ब्रेक लागतात. तरीही ज्या गियरमध्ये चढलात त्याच गियरमध्ये उतरा.

गाडीच्या मागे हिच, म्हणजे कॅराव्हॅन अडकवायचा जोड, बसवताना डोळे उघडे ठेवा. माझी पहिली हिच एका गॅरेजवाल्याने बंपरमागच्या पत्र्याला वेल्ड करून दिली होती, दोन महिन्यांत तडा गेला. ती चासीला बोल्टनेच बसवायची. ट्रेलरची आरटीओत वेगळी नोंदणी होते आणि त्याला स्वतःचा नंबर मिळतो. तो कागद नसलेली कॅराव्हॅन स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका, आणि गाडीला हिच लावल्याचं विमा कंपनीला लेखी कळवा.

गाडी ठरवण्याआधी सोसायटीच्या सेक्रेटरीशी मात्र बोला. आमच्याकडे पाहुण्यांच्या स्कूटरवरून भांडणं होतात, तिथे कॅराव्हॅन कोण उभी करू देणार? आमची कर्जतला मेव्हण्याच्या वाडीत असते. भाडं घेत नाही बिचारा. मे महिन्यात तिच्यात आंब्याची अढी लावतो, आणि जूनमध्ये आम्ही गाद्या उन्हात टाकायला जातो तोवर पाऊस आलेला असतो.