फॅशन पोर्ट्रेटमधला उजेड कसा वाचावा: एका मखमली जॅकेटच्या फोटोवरून

काळ्या मखमली जॅकेटचा तुमचा फोटो मी तीन-चार वेळा नीट पाहिला. तुम्ही लिहिलंय की मोठा सॉफ्टबॉक्स (उजेड मऊ करणारं पांढरं कापड पुढे लावलेला दिवा) डावीकडे ४५ अंशांवर, चेहऱ्यापासून मीटरभर अंतरावर लावला, उजवीकडे पांढरा रिफ्लेक्टर (उजेड परत फेकणारा फलक) धरला, पार्श्वभूमी दोन मीटर मागे राखाडी ठेवली, ८५ मिमी लेन्स एफ १.८ वर, म्हणजे तिचं तोंड खूप उघडं ठेवून, दीड मीटरवरून फोटो काढला, डोळे वरच्या एक-तृतीयांश रेषेवर आणले (चौकटीचे तीन समान भाग करणारा ‘रूल ऑफ थर्ड्स’). सगळं रीतसर झालं, तरी फोटो निर्जीव वाटतो. आणि आवडलेल्या फॅशन पोर्ट्रेटचं विश्लेषण करायला बसलं की ‘रेम्ब्रां लायटिंग, रूल ऑफ थर्ड्स’ एवढं लिहून गाडी अडते.

दोन्ही अडचणींचं मूळ एकच आहे असं मला वाटतं. तुम्ही प्रकाश वेगळा बघता आणि रचना वेगळी बघता. फॅशन पोर्ट्रेटमध्ये ही फारकत चालत नाही. बघणाऱ्याची नजर आधी कुठे जाणार हे ठरतं सगळ्यांत उजळ भाग सगळ्यांत गडद भागाला जिथे भिडतो तिथे, आणि ती जागा दिवा ठरवतो. एक-तृतीयांश रेषेवर डोळे कितीही अचूक बसवा, उजेडाने नजर दुसरीकडे ओढली तर त्या रेषेचा काही उपयोग नाही.

आता स्वतःचाच फोटो पुन्हा उघडा आणि डोळे अर्धे मिटून पाहा. तपशील पुसट होतो आणि फक्त उजळ-गडद डाग उरतात. मला काय उरलेलं दिसलं सांगतो: एक हात. खुर्ची उलटी करून बसलेल्या मॉडेलने उजवा हात खुर्चीच्या पाठीवर टेकवलाय, तो दिव्याच्या बाजूला आहे, आणि चेहऱ्यापेक्षा दिव्याला साधारण ३० सेंटिमीटर जवळ आहे. चेहरा दिव्यापासून १ मीटर, हात ७० सेंटिमीटर. प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो, म्हणजे हातावर चेहऱ्याच्या जवळजवळ दुप्पट उजेड पडला. पूर्ण एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा होणं). त्यात ८५ मिमी, एफ १.८ आणि दीड मीटर या हिशोबाने फुल-फ्रेम (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर पुढे-मागे मिळून तीनेक सेंटिमीटरच स्पष्ट येतं, त्यामुळे हात धूसरही झालाय. चौकटीतली सगळ्यांत उजळ गोष्ट, आणि तीच अस्पष्ट! नजर तिथे जाते, तिला काही सापडत नाही, ती परत फिरते. निर्जीवपणा म्हणून तुम्हाला जे जाणवतंय त्याचा मोठा भाग हाच आहे.

हाच हिशोब पार्श्वभूमीलाही लावून बघा. पार्श्वभूमी राखाडी होती असं तुम्ही म्हणता, पण फोटोत ती काळपट दिसते. दिवा चेहऱ्याच्या इतका जवळ असला की मागे दोन मीटरवर ढोबळमानाने चेहऱ्याच्या आठवा हिस्सा उजेड पोचतो. काळपट पडद्यासमोर काळे केस आणि काळं जॅकेट. खांद्याची कड कुठे संपते हे बघणाऱ्याला शोधावं लागतं. दिवा तसाच मागे नेऊन चेहऱ्यापासून दोन मीटरवर ठेवलात तर पार्श्वभूमीला चेहऱ्याच्या पाव हिश्शाहून थोडा जास्त उजेड मिळेल, राखाडी खरंच राखाडी दिसेल आणि खांद्याची रेषा आपोआप सुटून येईल. हात-चेहऱ्यातला फरकही अर्ध्या स्टॉपच्या आत येईल. मोबदला द्यावा लागतोच: चेहऱ्यावरचा उजेड दोन स्टॉपने घटतो आणि तोच सॉफ्टबॉक्स दुरून लहान ठरत असल्याने सावलीची कड जास्त रेखीव होते. दिवा जवळ ठेवणंच हवं असेल तर तो थोडा फिरवून त्याचा मध्य मॉडेलच्या पुढून जाऊ द्या, म्हणजे तिच्यावर फक्त त्याच्या कडेचा उजेड येईल. यात बरोबर-चूक काही नाही, पण निवड तुम्ही केलेली असावी.

आता जॅकेट. मी पोर्ट्रेट काढणं सोडून फॅशनकडे वळलो तेव्हा हा धडा मला महागात पडला होता. पांढऱ्या कापडावर पांढऱ्या धाग्याचं भरतकाम असलेला पोशाख होता. मी चेहऱ्यासाठी सुंदर, मऊ, समोरून येणारा प्रकाश लावला. त्वचा लोण्यासारखी आली, मी खूश. ज्या बाईंनी तो पोशाख डिझाइन केला होता त्यांनी फोटो बराच वेळ पाहिला आणि शांतपणे विचारलं, “यात माझं काम कुठे आहे?” खरंच नव्हतं. समोरच्या प्रकाशाने धाग्याधाग्याची सावली पुसून टाकली होती आणि महिनोन्‌महिन्यांचं भरतकाम कोऱ्या चादरीसारखं दिसत होतं. तेव्हापासून कुठलंही फॅशन पोर्ट्रेट समोर आलं की मी पहिला प्रश्न हाच विचारतो: या उजेडाने कापडासाठी काय केलं?

कारण इथे पोर्ट्रेटला दोन जण बसलेले असतात, माणूस आणि पोशाख. दोघांच्या गरजा बहुतेक वेळा जुळत नाहीत. त्वचेला समोरून येणारा मऊ उजेड मानवतो, तर भरतकाम, लोकर, जाडसर विणीचं कापड यांना बाजूने घासून जाणारा उजेड लागतो. साटिन तर आरशाचं भावंड. त्यात दिसणारी चमक म्हणजे दिव्याचंच प्रतिबिंब असतं, म्हणून उभट, अरुंद सॉफ्टबॉक्स लावला की चुणीवर लांब, सळसळती रेघ उमटते. टिकल्यांना लहान, कडक दिवा हवा. मोठ्या मऊ उजेडात त्यांची झगमग विझते.

मखमल या सगळ्यांत हट्टी. तिच्यावर उभी लव असते. समोरून आलेला प्रकाश त्या लवीत शिरतो आणि तिथेच जिरतो. तोच प्रकाश मागच्या बाजूने तिरका आला तर लवीच्या टोकांना चाटून जातो आणि प्रत्येक घडीच्या कडेला उजळ किनार येते. तुमचा सॉफ्टबॉक्स समोरच्या बाजूला आणि रिफ्लेक्टरही समोरच. म्हणजे मखमलीला हवा होता तो प्रकाश एकाही दिशेने आला नाही. कॉलरची लॅपल (छातीवर दुमडलेली पट्टी), बाहीची शिवण, कमरेचा घेर, सगळं एका काळ्या डागात बुडालं. रिफ्लेक्टरने वर आणखी एक नुकसान केलं. चेहऱ्याची फोटोत उजवीकडे दिसणारी सावली भरून काढली आणि गालाचं हाड सपाट केलं.

दुसऱ्यांचे फोटो वाचताना मी साधनांची नावं सगळ्यांत शेवटी घेतो. सुरुवात नाकाच्या सावलीपासून. ती कुठल्या बाजूला पडली यावरून दिव्याची दिशा कळते, ओठांकडे किती उतरली यावरून उंची. नाकाखाली सरळ मध्यात छोटी सावली असेल तर दिवा समोर वर आहे. गालावर तिरकी जाऊन गालाच्या सावलीला मिळाली आणि डोळ्याखाली उजेडाचा त्रिकोण उरला तर लोक त्याला रेम्ब्रां म्हणतात. नंतर हनुवटीखाली मानेवरची सावली बघायची, आणि तिची कड खास करून. कड ब्लेडने कापल्यासारखी असेल तर दिवा लहान किंवा लांब होता. उजेडाकडून अंधाराकडे हळूहळू विरघळत गेली असेल तर मोठा आणि जवळ. मग सावलीच्या आत डोकवायचं. आत तपशील दिसतोय का? दिसत असेल तर कुठून तरी सावली भरणारा उजेड आलाय, भिंतीवरून, जमिनीवरून किंवा रिफ्लेक्टरवरून. सावली ठार काळी असेल तर बहुधा त्या बाजूला मुद्दाम काळं कापड उभं करून उजेड खाऊन टाकलाय. ही गोष्ट नवशिके फार क्वचित करतात. उजेड वाढवणं सगळ्यांना सुचतं, काढून घेणं सुचत नाही.

डोळ्यांतल्या कॅचलाइटवरूनही, म्हणजे बुबुळात दिसणाऱ्या दिव्याच्या प्रतिबिंबावरूनही, अंदाज येतो: चौकोनी असेल तर खिडकी किंवा सॉफ्टबॉक्स, गोल असेल तर ब्यूटी डिश (दिव्यावरचं तबकासारखं भांडं) किंवा छत्री, वर एक आणि खाली एक असेल तर वरच्या दिव्याला खालून रिफ्लेक्टरची साथ, डोळ्याच्या बाहुलीभोवती कडं असेल तर रिंग फ्लॅश, म्हणजे लेन्सभोवतीचा गोल दिवा. पण त्यावर फार विसंबू नका. रिटचिंगमध्ये, म्हणजे फोटो नंतर सुधारताना, जास्तीचे कॅचलाइट सर्रास पुसले जातात. मानेवरची सावली सहसा कोणी बदलत नाही, ती खरं बोलते.

प्रकाश पोशाखासाठी काय करू शकतो याचा सगळ्यांत शुद्ध नमुना मला अमेरिकन फॅशन छायाचित्रकार आयर्विंग पेनच्या १९५०च्या पॅरिसच्या फोटोंत दिसतो. त्या वर्षी त्याने तिथले नवे पोशाख वरच्या मजल्यावरच्या एका स्टुडिओत दिवसाच्या उजेडात टिपले, मागे नाट्यगृहाचा एक जुना पडदा. बस, एवढंच. एका बाजूने येणारा शांत उजेड, मधल्या छटेची पार्श्वभूमी. पार्श्वभूमी मधल्या छटेची असल्यामुळे पोशाखाची उजळ बाजू तिच्यापेक्षा उजळ आणि गडद बाजू तिच्यापेक्षा गडद दिसते, दोन्हीकडची बाह्यरेषा सुटून येते. त्याची मॉडेल लिसा फॉन्साग्रीव्हस हिच्या त्या फोटोंतल्या बाह्यरेषा बोटाने गिरवून पाहा. बाही, कंबर, घेर, शिंप्याने कापड कुठे कापलं ते बोटाला कळतं. तुमच्या राखाडी पडद्याकडून मला हेच काम हवं होतं.

रचनेबद्दलही हेच बोट वापरा. छायाचित्रकार रिचर्ड अ‍ॅव्हेडनने ऑगस्ट १९५५ मध्ये पॅरिसच्या सर्क दिव्हेर या सर्कशीच्या इमारतीत काढलेला, मॉडेल डोव्हिमा आणि हत्तींचा फोटो अनेकांनी पाहिलेला असतो. ‘डोळे कुठल्या रेषेवर’ या प्रश्नाने तो उलगडत नाही. दिओर या फॅशन घराण्याचा काळा गाउन, पांढरा लांब पट्टा, पसरलेले हात, मागे हत्तींच्या सोंडा आणि पाय. सुरकुतलेल्या, खरखरीत कातडीसमोर गुळगुळीत कापड, आणि अजस्र वजनासमोर मनगटाची नाजूक वळणं. हातांच्या रेषा आणि सोंडांच्या रेषा एकमेकींना उत्तर देतात. पुढे अ‍ॅव्हेडननेच या फोटोत एक उणीव दाखवली होती: तो पट्टा डावीकडे उडता ठेवला असता तर चित्राची रेषा पूर्ण झाली असती, ही त्याची रुखरुख होती. जगाने डोक्यावर घेतलेल्या फोटोत त्या माणसाला एक रेषा अपुरी दिसत राहिली. विश्लेषण करायचं तर या पातळीवर करा. ‘रचना छान’ म्हणून थांबू नका, कुठली रेषा कुठे जाते आणि कुठे तुटते ते लिहा.

छायाचित्रकार एर्विन ब्लूमेनफेल्डचं जानेवारी १९५०चं ‘व्होग’ या फॅशन मासिकाचं मुखपृष्ठ याच्या दुसऱ्या टोकाला आहे. एक डोळा, भुवई, ओठ, एक तीळ. बाकी चेहरा पांढऱ्यात विरून गेलेला, नाकसुद्धा नाही. तिथे काय ठेवलं यापेक्षा काय काढून टाकलं ही रचना आहे. या दोन फोटोंमध्ये जेमतेम साडेपाच वर्षांचं अंतर आहे, पण विचाराची दिशा किती वेगळी!

दोन छोट्या गोष्टी, ज्या तुमच्या इतर फोटोंतही दिसल्या. पूर्ण उंचीच्या फोटोत कॅमेरा तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर आहे, म्हणून पाय आखूड आणि डोकं मोठं दिसतं. कॅमेरा मॉडेलच्या कमरेच्या उंचीला आणा. आणि हात अंगाला चिकटू देऊ नका. कोपर आणि कमर यांच्यामध्ये उजेडाची एक फट राहिली पाहिजे. ती बंद झाली की पोशाखाची कंबर नाहीशी होते, मग शिलाई कितीही सुबक असो.

हेच जॅकेट, हीच मॉडेल पुन्हा मिळत असेल तर असं करून पाहा. मुख्य दिवा दोन मीटरवर न्या. रिफ्लेक्टर काढा आणि त्या जागी काळं कापड उभं करा, म्हणजे गालाचं हाड परत येईल. दुसरा अरुंद दिवा मॉडेलच्या मागे उजवीकडे, खांद्याहून थोडा वर, आणि लेन्समध्ये थेट उजेड शिरू नये म्हणून त्याच्या कॅमेऱ्याकडच्या बाजूला एक काळा पुठ्ठा. लेन्सचं तोंड बारीक करून एफ ८ वर आणा, तेवढ्याच अंतरावरून साधारण १५ सेंटिमीटर स्पष्ट मिळेल, चेहरा आणि लॅपल दोन्ही त्यात बसतील. हात खुर्चीवरून उचलून लॅपलपाशी आणा, तळव्याची कड कॅमेऱ्याकडे, पंजाची रुंद बाजू नको. आधी मुख्य दिवा बंद ठेवून फक्त मागच्या दिव्यावर एक फोटो काढा. त्यात बाहीच्या घड्या एकेक करून मोजता आल्या पाहिजेत. येत नसतील तर मागचा दिवा थोडा थोडा सरकवत राहा, घड्या मोजता आल्या की मगच मुख्य दिवा लावा. दोन्ही फोटो पाठवा, मी शेजारी-शेजारी ठेवून बघतो.