वाचकांचे प्रश्न : हवा गेलेला रन-फ्लॅट टायर दुरुस्त करावा की बदलावा?

पावसाळा सुरू झाल्यापासून टायरविषयीची पत्रे वाढली आहेत. त्यांतील रन-फ्लॅट, म्हणजे हवा गेल्यावरही काही अंतर चालू शकणाऱ्या, टायरसंबंधीची काही पत्रे या अंकासाठी एकत्र घेतली आहेत. पहिल्या पत्रातील प्रश्न अनेकांना पडतो, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर दिले आहे.

प्रश्न : माझ्याकडे २०१२ ची बीएमडब्ल्यू झेड४ ही दोन आसनी गाडी आहे. बेळगावहून परतताना चोर्ला घाटात टायरमधील हवा कमी झाल्याची सूचना डॅशबोर्डवर आली. गाडीत स्टेपनी नसल्यामुळे तशीच चालवत साखळी गावापर्यंत आलो. तेथील पंक्चरवाल्याने मागच्या डाव्या टायरमधून खिळा काढला, बाहेरूनच छिद्रात रबराची स्ट्रिप घातली आणि हवा भरून दिली. आता सूचना येत नाही. मात्र पणजीतील एका टायरच्या दुकानदाराने हा टायर टाकूनच द्यावा लागेल असे सांगितले, तर एका सर्व्हिस सेंटरमध्ये मागचे दोन्ही टायर बदलण्याचा सल्ला मिळाला. कोणाचे ऐकावे?
— एक वाचक, पर्वरी

उत्तर : टायर रिमवरून उतरवून आतून पाहिल्याशिवाय यांपैकी कोणाचेच म्हणणे ग्राह्य धरता येणार नाही, आणि आपल्या पत्रावरून तो अजून कोणीही उतरवलेला दिसत नाही. खिळा कोठे घुसला हे महत्त्वाचे आहेच, पण रन-फ्लॅटच्या बाबतीत त्याहून महत्त्वाचे हे की, हवा गेल्यानंतर ते चाक किती अंतर, किती वेगाने आणि किती ओझ्याखाली फिरले.

साध्या टायरमध्ये गाडीचे वजन हवा पेलते. हवा गेली की पातळ साइडवॉल (टायरची बाजूची भिंत) रिम आणि रस्ता यांच्यामध्ये चिरडते आणि थोड्याच अंतरात टायरच्या चिंध्या होतात. रन-फ्लॅटच्या साइडवॉलमध्ये आतल्या बाजूने, उष्णता सोसणाऱ्या रबराचा चंद्रकोरीच्या आकाराचा जाड थर दिलेला असतो आणि हवा नसताना तोच वजन उचलून धरतो. परंतु चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात ही साइडवॉल वाकते आणि पुन्हा सरळ होते, त्यामुळे ती तापत जाते, आणि एका मर्यादेनंतर रबर आणि त्यातील दोऱ्यांचे थर एकमेकांपासून सुटू लागतात. हवा पूर्ण गेल्यावर ताशी ८० किलोमीटर वेगाने ८० किलोमीटर ही जी मर्यादा बहुतेक उत्पादक सांगतात, ती या तापण्याचा विचार करूनच ठरवलेली आहे. पणजीपासून काणकोण सुमारे ७० किलोमीटर, म्हणजे गोव्यातल्या गोव्यात बहुतेक वेळा या मर्यादेत घर गाठता येते, आणि त्यामुळेच घरी पोचलेला टायर धडधाकट आहे असा समज सहज होतो. उत्पादकाची ग्वाही केवळ गाडी सुखरूप पोचण्यापुरती असते. तो टायर पुढेही वापरता येईल, असे त्याने कोठेही म्हटलेले नसते.

आता आपल्या टायरकडे येऊ. खिळा घुसलेल्या टायरमधून हवा बहुधा हळूहळू जाते आणि दाब पूर्ण उतरण्याच्या कितीतरी आधी डॅशबोर्डवर सूचना येते. साखळीला पोचेपर्यंत टायरमध्ये २० पीएसआयच्या आसपास हवा शिल्लक असेल, तर साइडवॉलवर फारसा ताण आला नसण्याची शक्यता चांगली आहे. उलट हवा घाटातच संपली असेल, तर वळणावळणाच्या त्या रस्त्यावर, जेथे प्रत्येक वळणाला बाहेरच्या चाकावर ओझे वाढते, टायरने बराच मार खाल्लेला असू शकतो. पंक्चरवाल्याने हवा भरण्याआधी दाब मोजणारा गेज लावून पाहिला होता का, हे त्याला आठवत असल्यास जरूर विचारावे.

त्यानंतर टायर उतरवून घ्यावा, तोही योग्य मशीनवर. रन-फ्लॅटची साइडवॉल इतकी ताठ असते की तो लोखंडी पट्ट्यांनी उपसून काढण्याच्या प्रयत्नात रिमची कड आणि टायरचा बीड (रिमवर घट्ट बसणारी टायरची कड) दोन्ही दुखावतात. टायर दाबून धरणारा जादा हात असलेले मशीन ज्या दुकानात आहे, तेथेच हे काम द्यावे. चाकात व्हॉल्व्हपाशी दाबाचा सेन्सर असेल तर तसे आधीच सांगावे, म्हणजे बीड रिमपासून सोडवताना मशीनचा दाब त्या जागेवर दिला जाणार नाही.

टायर उतरवल्यावर शक्य असल्यास आपण स्वतः शेजारी उभे राहून टॉर्चच्या उजेडात आतली बाजू पाहावी. निरोगी टायरचे अस्तर आतून सर्वत्र सारखे गुळगुळीत आणि एकाच रंगाचे असते. हवेविना धावलेल्या टायरच्या आत तळाशी मिरपुडीसारखा रबराचा काळा चुरा जमलेला असतो. साइडवॉलच्या आतल्या बाजूला, ट्रेड (रस्त्याला टेकणारा नक्षीदार भाग) संपतो त्याच्या थोडे खाली, पूर्ण वर्तुळभर सुरकुत्यांचा किंवा घासल्याचा पट्टा उमटलेला असतो आणि काही वेळा तेथे रबराला निळसर झाक आलेली असते. बोटांनी दाबले असता एखादी जागा इतरांपेक्षा मऊ लागते. यांपैकी एक जरी खूण आढळली, तरी तो टायर बाद समजावा, मग बाहेरून तो कितीही नवा दिसो. पणजीतील दुकानदाराने या खुणा दाखवल्या असत्या तर त्याचे म्हणणे लगेच मान्य करता आले असते.

आतून काहीही दोष नसेल, खिळ्याचे छिद्र ट्रेडच्या मधल्या भागात असेल आणि ते ६ मिलिमीटरपेक्षा मोठे नसेल, तर दुरुस्तीचा विचार करता येतो. ही दुरुस्ती म्हणजे आतून बसवलेला मशरूम पॅच. त्याचा देठ छिद्र भरून काढतो आणि टोपी अस्तराला चिकटून हवा रोखते. बाहेरून घातलेली स्ट्रिप ही केवळ दुकानापर्यंत पोचण्याची तात्पुरती सोय आहे, विशेषतः ज्या गाडीत वेग हाच मोठा आनंद असतो तिच्यासाठी. मात्र आणखी एक गोष्ट तपासावी लागेल. रन-फ्लॅटच्या दुरुस्तीविषयी टायर कंपन्यांचे धोरण एकसारखे नाही : काही कंपन्या ती मुळीच मान्य करत नाहीत, काही अटींवर करतात, आणि दुरुस्त टायरला त्याची मूळ वेगमर्यादा लागू राहील असे काही कंपन्या मानत नाहीत. आपल्या टायरवर जे नाव आहे त्या कंपनीचा नियम लेखी मागून घ्यावा.

दोन्ही टायर बदलण्याच्या सल्ल्याविषयी माझे मत असे आहे की तो सरसकट स्वीकारू नये आणि सरसकट नाकारूही नये. नव्या टायरची ट्रेड सुमारे ७ ते ८ मिलिमीटर खोल असते. उजवीकडचा टायर अर्ध्याहून अधिक झिजला असेल तर मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत दोन्ही बाजूंची पकड असमान होईल, आणि आपल्याकडच्या पावसात हा फरक ब्रेक लावताना नेमका जाणवेल. तो बऱ्यापैकी नवा असेल तर त्याच कंपनीचा, त्याच नमुन्याचा एक टायर पुरे. त्याच वेळी साइडवॉलवरील चार आकडी तारीखही वाचावी. २३१९ असे असेल तर टायर २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यात तयार झाला आहे. गाडी २०१२ ची असल्यामुळे हे पाहणे विशेष आवश्यक आहे. कमी धावणाऱ्या गाड्यांचे टायर झिजत नाहीत, पण जुने होऊन कडक पडतात. आपल्या गाडीला पुढचे आणि मागचे टायर वेगळ्या रुंदीचे असतील, तर पुढचे मागे घालून तात्पुरती सोय करण्याचा मार्ग उपलब्ध नाही.

सूचना येईनाशी झाली, यावरही विसंबू नये. काही गाड्यांत चाकातील सेन्सर प्रत्यक्ष दाब मोजतो, तर काहींत एबीएसच्या (ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) सेन्सरवरून चाकांच्या फिरण्यातील फरक ताडून अंदाज बांधला जातो. दुसऱ्या प्रकारात हवा कमी असतानाच रीसेट केले, तर तोच कमी दाब योग्य समजून यंत्रणा गप्प बसते. टायर थंड असताना चारही चाकांचा दाब गेजने पाहून, गाडीवरील स्टिकरवर दिल्याप्रमाणे हवा भरून, मगच रीसेट करावे. पुढे कधी अशी सूचना आली तर घाटातल्या वळणावर थांबू नये. वेग ताशी ५० च्या आत आणून सुरक्षित रुंद जागा गाठावी आणि तेथे दाबाचा व किलोमीटरचा आकडा टिपून ठेवावा. त्या दोन आकड्यांवरून दुकानदाराला बरेच काही कळते.

प्रश्न : रन-फ्लॅट टायर फार कडक आणि महाग वाटतात. माझ्या स्पोर्ट्स कारला साधे ट्यूबलेस टायर बसवले तर चालेल का? स्टेपनी नसणे बेकायदा ठरेल का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : बसवता येतात, पण चारही एकदम बदलावेत. एकाच ॲक्सलवर एक ताठ आणि एक लवचीक टायर ठेवल्यास गाडी वळणावर कशी वागेल याचा भरवसा राहत नाही. साइज, लोड इंडेक्स (टायर किती ओझे पेलतो ते सांगणारा आकडा) आणि वेगमर्यादेचे अक्षर मूळ टायरप्रमाणेच घ्यावे. सध्याचे टायर खरोखर रन-फ्लॅट आहेत का, हे साइडवॉलवरील खुणेवरून ओळखता येते : बीएमडब्ल्यूच्या टायरवर आरएससी, मिशेलिनवर झेडपी, काँटिनेंटलवर एसएसआर, ब्रिजस्टोनवर आरएफटी, गुडइयरवर आरओएफ.

अशा गाड्यांत स्टेपनी पुष्कळदा रचनेतच धरलेली नसते. १९९७ मध्ये आलेल्या पाचव्या पिढीच्या कॉर्व्हेट या अमेरिकी स्पोर्ट्स कारनेही रन-फ्लॅट देऊन स्टेपनी वगळली होती. भारतात जुलै २०२० च्या दुरुस्तीनुसार ट्यूबलेस टायर, दाब सांगणारी यंत्रणा आणि टायर दुरुस्तीचा संच असलेल्या मोटारींना स्टेपनीची सक्ती नाही. साधे टायर घातल्यावर तो संच आणि १२ व्होल्टचा कंप्रेसर गाडीत असलाच पाहिजे, हे आपण कटाक्षाने पाळावे, कारण आता हवा गेल्यावर पुढे जाण्याची मुभा उरलेली नसेल. रात्री अनमोड घाटात मदत यायला वेळ लागतो. बसक्या बांध्याची गाडी साखळदंडाने ओढू न देता फ्लॅटबेडवरच (सपाट ट्रकवरच) चढवून घ्यावी, आणि जॅक लावताना तो पुस्तिकेत दाखवलेल्या जागीच लावला जात आहे ना, हे स्वतः पाहावे.

आपण रोज फोंडा ते पणजी एवढेच जात असाल तर साध्या टायरचा आराम घेण्यास हरकत नाही. घाटांतून वारंवार आणि एकट्याने प्रवास होत असेल, तर मी रन-फ्लॅटच ठेवीन.

प्रश्न : पाण्याने भरलेल्या खड्ड्यात चाक आपटल्यानंतर रन-फ्लॅटच्या साइडवॉलवर फुगवटा आला आहे. हवा मात्र टिकून आहे. पावसाळा संपेपर्यंत चालवू का? विमा मिळेल का?
— एक वाचक, वास्को

उत्तर : चालवू नका. फुगवटा म्हणजे आतील दोऱ्या तुटल्या आहेत आणि हवा केवळ रबरामुळे थांबलेली आहे. साइडवॉलची दुरुस्ती कोणत्याही टायरमध्ये होत नाही, आणि ज्या भागाने संकटात वजन उचलायचे तोच येथे निकामी झाला आहे. रिमची आतली कड वाकली आहे का, हेही टायर बदलतानाच पाहून घ्यावे.

विम्याच्या नेहमीच्या सर्वसमावेशक पॉलिसीत केवळ टायरचे नुकसान धरले जात नाही; त्याच अपघातात गाडीचेही नुकसान झाले असेल तर टायरच्या बदली खर्चाच्या ५० टक्क्यांपर्यंत भरपाई मिळते. टायरसाठी वेगळे ॲड-ऑन घेतले असल्यास फुगवट्याचा त्यात समावेश आहे का ते पाहावे. साध्या पंक्चरचा खर्च अशा ॲड-ऑनमध्येही बहुधा वगळलेला असतो. दावा करायचा असेल तर टायर दुकानात सोडून न देता सर्वेक्षकाने पाहीपर्यंत जपून ठेवावा आणि फुगवट्याचे व खड्ड्याचे फोटो आजच काढावेत.