वाचकांचे प्रश्न : सॅन फ्रान्सिस्कोला जाताना वाटेत मुक्काम करावा का?

प्रश्न : आई-बाबा (वय ६८ आणि ७२) सोलापूरहून बहिणीकडे सॅन फ्रान्सिस्कोला निघालेत. बाबा इन्सुलिन घेतात, आईचे गुडघे दुखतात. वाटेत दुबईला एक रात्र थांबवावं का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : दुबईत नको. मुंबई ते दुबई जेमतेम तीन तास. पुढचे सलग सोळा तास तसेच राहतात. दमण्याआधीच विश्रांती घेऊन काय उपयोग? लंडन किंवा फ्रँकफुर्टमार्गे साधारण नऊ-दहा आणि अकरा तास अशी बरोबरीची वाटणी होते. मात्र फ्रँकफुर्टला हॉटेलात राहायचं तर शेंगेन (युरोपचा) व्हिसा लागतो. त्यापेक्षा विमानतळावरच तीन-चार तासांचा थांबा घ्या. दीड तासाचा नको. व्हीलचेअरवाले प्रवासी सगळ्यांत शेवटी उतरतात आणि पुढचं विमान हुकतं. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर हवेत.

व्हीलचेअर तिकीट काढतानाच नोंदवा. पण गेटवर पोचल्यावर आईंनी खुर्चीतच बसून राहू नये. चार तासांहून लांब प्रवासात पायांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, तो चालण्याने कमी होतो. नुसतं विमान बदलून नाही. दोघांनाही मधल्या वाटेलगतची (आइल) सीट घ्या. दर तासाला पावलं वर-खाली वीस वेळा. दाबाचे मोजे डॉक्टरांना विचारून, गुडघ्याखालच्या मापाचेच.

इन्सुलिन हातातल्या बॅगेत. विमानाच्या पोटातल्या सामानाच्या कप्प्यात ते गोठू शकतं. पश्चिमेकडे जाताना दिवस साडेबारा-साडेतेरा तासांनी लांबतो, म्हणून तिकिटावरच्या वेळा दाखवून डोसचं वेळापत्रक डॉक्टरांकडून लिहून घ्या.

खरा मुक्काम हवा तो मुंबईत, आणि तोच सगळे चुकवतात. रात्रभर सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये, मग दिवसभर नातेवाइकांकडे गप्पा आणि मध्यरात्री चेक-इन : विमानात बसण्याआधीच माणूस अर्धा झालेला. आदल्या दिवशी वंदे भारतने दुपारी मुंबईत पोचा, रात्री नीट झोपू द्या. विमान रात्री दोनचं असेल तर तारीख दोनदा तपासा, बारानंतर ती बदललेली असते.

आणि शेंगाची चटणी : अमेरिकेला जाणाऱ्या विमानात ३५० मिलीपेक्षा जास्त पूड हातातल्या बॅगेत अडवतात. ती मोठ्या बॅगेत टाका. कडक भाकरी हाताशी ठेवली तरी चालेल.