चर्चच्या मंडळीतल्या एखाद्याची आत्मिक वाढ दिसली तर त्याला तसं सांगावं का, आणि कसं? त्यानं गर्व येणार नाही का?

सांगावं. त्याच दिवशी, त्याच्या तोंडावर सांगावं. ‘गर्व येईल’ हे मी माझ्या थोरल्या भावाकडून तीस वर्षं ऐकतेय, म्हणूनच लिहायला बसले.

मी मिरजेची. एकोणीस वर्षांची असताना उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडेच्या) उपासनेत येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांपैकी पाचव्यावर बोलायचं माझ्याकडे आलं, ‘मला तहान लागली आहे.’ तोवर आमच्याकडे उद्गारांवर वडीलधारेच बोलायचे. पंधरा दिवस मी योहानाच्या शुभवर्तमानाचा एकोणिसावा अध्याय वाचत होते. माझं आजोळ जत तालुक्यातलं, त्यामुळे तहान मला पुस्तकातून शिकावी लागली नव्हती. टँकरच्या रांगेत घागर ठेवून उन्हात बसलेली आजी, तिच्यापासून मी सुरुवात केली. शोमरोनी बाईला जिवंत पाणी देऊ करणाऱ्या येशूच्या ओठांना शेवटी आंब, म्हणजे आंबट द्राक्षारस, लावली, हे बोलताना माझा आवाज भरून आला. पाठ केलेलं म्हणत नसून माझा स्वतःचा विश्वास बोलतोय, असं त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

तीन तासांची उपासना संपली, सगळे बाहेर कडुलिंबाखाली थांबले, पण माझ्याशी कुणी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. घरी दादा म्हणाला, “सात मिनिटं दिली होती, बारा घेतलीस.” नंतर आईनं त्याला स्वयंपाकघरात विचारलं, “बरी बोलली ना रे?” तर म्हणाला, “चांगलंच बोलली. पण तिला सांगू नको, डोक्यात जाईल.” मी आतल्या खोलीत होते. मला ऐकू आलं.

त्यानंतर नऊ वर्षं मी मंडळीत उभं राहून तोंड उघडलं नाही. प्रार्थनासुद्धा मनातल्या मनात.

मिरजेत १८९४ साली मिशनचा दवाखाना निघाला, त्यामुळे आमच्यात निवृत्त सिस्टर पुष्कळ. त्यांतल्या एका मावशींनी एका रविवारी माझा हात धरला. म्हणाल्या, “पोरी, रात्रपाळीला शेवटच्या घटका मोजणाऱ्या पेशंटचे ओठ मी कापसानं ओले करायचे. तुझा तो उद्गार ऐकल्यापासून ते काम मला निराळं दिसायला लागलं. देवानं तुझ्याकडून मला शिकवलं. सांगायचं राहूनच गेलं बघ, माफ कर.”

तुम्ही विचारलंत कसं सांगावं. असं. देवानं तुझ्यात काय केलं आणि त्यातलं माझ्या पदरात काय पडलं. मावशी माझ्या आईच्या वयाच्या, पण बोलताना त्या माझ्याकडून शिकलेल्या होत्या.

दादा म्हणतो, उपकार देवाचे मानावेत, माणसाचं कौतुक कशाला? मग बायबलातल्या प्रेषित पौलानं थेस्सलनीकाच्या मंडळीला पत्र कशाला लिहिलं? उपकार देवाचेच मानले, पण तुमचा विश्वास फार वाढतोय हे त्यांना कळवलंही. मनात ठेवलं असतं तर शाई वाचली असती. करिंथची मंडळी तर आपसात भांडणारी, त्यांना पुढे चांगलंच फटकारायचं होतं, तरी आरंभी त्यांच्यावरच्या कृपेबद्दल उपकारस्तुती आहेच. गलतीकरांच्या पत्रात ती नाही, आणि नाही म्हणूनच डोळ्यांत भरते. आमच्या मंडळीत कितीतरी जणांना आयुष्यभर गलतीकरांचंच पत्र मिळतं.

हो, खुशामत वेगळी. शेजाऱ्याची खुशामत म्हणजे त्याच्या पावलांपुढे जाळं, हे बायबलातल्या नीतिसूत्रांत आहेच. माइकवरून कौतुक करू नका, एकाला दुसऱ्याशी तोलू नका. आणि नवीन विश्वासी असेल, घरचे विरोधात असतील, तर चारचौघांत त्याचं नावही घेऊ नका. त्याच्या घरी त्रास होतो.

यंदा दादाच्या मुलाला चौथा उद्गार होता. देवानं टाकलं असं वाटूनही येशू ‘माझ्या देवा’ म्हणतो, हे पोरगं इतकं साधं बोललं की मला पुढचं गीत म्हणता येईना. घरी दादा म्हणाला, “शर्टाला इस्त्री नव्हती.” पोरगा माझ्याजवळ आला, “आत्या, चुकलो का गं?”

मी दादासमोरच सांगितलं, “गेलं वर्षभर मला प्रार्थना जमत नव्हती. तुझं ऐकल्यावर आज जमली.”

दादानं ताटावरून मान वर केली नाही. पण वेळेबद्दल काही बोलला नाही.