कोणती एलएमएस घ्यावी? आधी मी सही केलेल्या एका मेमोबद्दल

तुम्ही विचारलंय की कारखान्यात कायम आणि कंत्राटी मिळून ८०० माणसं आहेत, ट्रेनिंगसाठी मूडल ही फुकटची एलएमएस (कोर्स दाखवून कुणी किती केला याची नोंद ठेवणारी सिस्टीम) बसवावी की क्लाउडवरची विकतची घ्यावी. उत्तर देते, पण या प्रश्नाने माझी जुनी खपली निघाली, त्यामुळे आधी ती.

चाकणजवळच्या एका ऑटो पार्ट्सच्या कारखान्यात मी नऊ वर्षं ट्रेनिंग बघत होते. आमच्याकडे विकतची एलएमएस आली. डेमो झाला कॉन्फरन्स रूममध्ये, एसीत, समोसे खात. निवड आयटी हेड, परचेस आणि एचआर हेड या तिघांची. मला बोलावलं होतं ते फक्त कोर्सची यादी द्यायला. मी विचारलं, लाइनवरच्या माणसाला कंपनीचा ईमेल आयडीच नाही, तो लॉगिन कसा करणार? उत्तर आलं, "मोबाइलवर ओटीपी येईल ना." आमच्याकडे मोबाइल गेटवरच्या लॉकरमध्ये जमा व्हायचे, हे त्या खोलीत एकालाही आठवलं नाही. शेवटी कामगाराच्या टोकन नंबरवर लॉगिन करून घेतलं, त्याचे वेगळे पैसे मोजून.

कँटीनबाहेर दोन किऑस्क लावले. शिफ्ट बदलताना माणसाला मिळणार पंधरा-वीस मिनिटं, आणि आमचा लॉकआउट-टॅगआउटचा (दुरुस्तीआधी मशीन बंद करून कुलूप आणि पाटी लावायची, त्याचा) कोर्स होता ५० मिनिटांचा. म्हणजे तो तुकड्यातुकड्यांनीच होणार. महिनाभराने रिपोर्ट काढला तर लाइनवरचे निम्मे लोक 'इनकम्प्लीट'. मीटिंगमध्ये आयटी हेड म्हणाले, "मॅडम, हा यूजर एरर आहे. तुमच्या लोकांना कॉम्प्युटर झेपत नाही. मी स्वतः करून बघितलाय, व्यवस्थित चालतो."

ऑडिट तोंडावर होतं. वरून निरोप आला, इनकम्प्लीटवाल्यांना मेमो द्या. सही माझी.

प्रेस शॉपला एक मामा होते, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. मेमो हातात घेऊन माझ्या टेबलापाशी आले. "मॅडम, मी तीनदा केला हो. दर वेळी परत पहिल्या पानावर नेतंय. मला वाटलं, पाठ होईस्तोवर करायचा असतो."

दुसऱ्या दिवशी त्यांच्या शिफ्टला किऑस्कवर शेजारी बसले. निम्मा कोर्स केला, बाहेर पडलो, पुढच्या दिवशी परत आलो. पहिलं पान. वेंडर म्हणे कोर्स तुमचा, दोष तुमचा. कोर्स बनवणारे म्हणे दोष सिस्टीमचा. शेवटी रात्री घरी बसून मीच शोधलं. कोर्स होता स्कॉर्म १.२ मधला. स्कॉर्म म्हणजे कोर्स आणि एलएमएसने एकमेकांशी कसं बोलायचं याचा मापदंड, आणि १.२ ही त्याची २००१ ची आवृत्ती. माणूस कुठपर्यंत आला हे कोर्स 'सस्पेंड डेटा' नावाच्या रकान्यात लिहून ठेवतो, आणि १.२ मध्ये त्या रकान्याची मर्यादा ४०९६ अक्षरं आहे. आमच्या कोर्समध्ये साठ-सत्तर स्लाइड आणि प्रत्येकीवर प्रश्न, त्यामुळे नोंद त्याहून लांब व्हायची. सिस्टीम ४०९६ ला कात्री लावायची. परत आल्यावर ती तुटकी नोंद कोर्सला वाचता यायची नाही, मग तो पहिल्यापासून सुरू. एका बैठकीत संपवला तर काहीच बिघडत नाही, 'कम्प्लीट' लागतं. आयटी हेड साहेबांनी केबिनमध्ये खुर्चीवर बसून एका दमात संपवला होता. ज्याला वीस मिनिटांनी उठावं लागतं त्यालाच ही सिस्टीम नापास करत होती. असा आमचा यूजर एरर!

आम्ही कोर्सचे दहा-दहा मिनिटांचे पाच तुकडे केले आणि प्रश्न मिटला. स्कॉर्म २००४ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून ही मर्यादा ६४,००० आहे, तसं पुन्हा पब्लिश करूनही चाललं असतं. मेमो मागे घेतल्याची पत्रं मी हट्टाने काढायला लावली. पण मीटिंगच्या मिनिट्समधला 'यूजर एरर' तसाच राहिला, तो काही खोडला नाही.

आता तुमचं. मूडल २००२ पासून आहे, लायसन्सचा एक रुपया नाही. पण सर्व्हर, बॅकअप, अपडेट हे बघणारा एक माणूस नावानिशी ठरला असेल तरच घ्या. 'फुकट ते पौष्टिक' म्हणणारे परचेसवाले अपडेट करायला येत नाहीत. आणि मराठीत सर्टिफिकेट देणार असाल तर आधी 'विठ्ठल' आणि 'ज्ञानेश्वर' ही नावं छापून बघा. मूडलच्या पीडीएफमध्ये देवनागरीची जोडाक्षरं सुटतात, पहिली वेलांटी अक्षराच्या भलत्याच बाजूला जाते. लोक ते सर्टिफिकेट फ्रेम करून घरी लावतात हो, त्यावर नाव तरी नीट असावं.

विकतची घ्यायची तर पैसे नोंदवलेल्या माणसांवर लागतात की त्या महिन्यात लॉगिन केलेल्यांवर, हे लेखी घ्या. कंत्राटी माणसं सतत बदलतात, सोडून गेलेल्यांचे पैसे वर्षभर भरत बसाल. त्यांना वगळूही नका. तुम्ही ऑटोमोटिव्हमध्ये असाल तर आयएटीएफ १६९४९ या वाहन उद्योगाच्या गुणवत्ता मापदंडात कामावरच्या प्रशिक्षणात कंत्राटी माणसं स्पष्ट धरलेली आहेत. करार संपल्यावर रेकॉर्ड एक्सेलमध्ये मिळणार की पीडीएफच्या ढिगात, तेही आधीच विचारा.

डेमोला तुमचा सगळ्यात जड कोर्स द्या, त्यांचा गुळगुळीत नमुना नको. आणि तो लाइनवरच्या माणसाला करू द्या, मध्येच उठवा, दुसऱ्या दिवशी परत बसवा. आयटी हेडना बघायला बोलवा, माउस मात्र त्यांच्या हातात देऊ नका.

हे सगळं कारखान्याचं झालं. सगळे लॅपटॉपवाले असतील तर यातलं निम्मं तुम्हाला लागू नाही, तिथे सिंगल साइन-ऑन (कंपनीच्या एकाच लॉगिनवर सगळं उघडणं) आणि एचआरएमएसशी, म्हणजे एचआरच्या सॉफ्टवेअरशी, जोडणी आधी बघा. आणि आग विझवायला कुणी स्क्रीनवर शिकत नाही, ते मैदानातच घ्या. मी तिथून बाहेर पडून चार वर्षं झाली, त्यामुळे आजचे दर विचारू नका. तुमचे कोर्स कशात बनवलेत ते लिहिलं असतंत तर आणखी नेमकं सांगता आलं असतं.